लखनौची लॅम्ब्रेटा आणि ठिणगीची वेळ

मिलान शहराच्या लाम्ब्राते भागातील इनोचेंती कारखान्यात १९७१ साली लॅम्ब्रेटा स्कूटरचे उत्पादन थांबले. पुढच्याच वर्षी भारत सरकारने स्कूटर्स इंडिया लिमिटेड ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी स्थापन केली, इनोचेंतीची यंत्रसामग्री, आराखडे आणि व्यापारनाम विकत घेतले आणि हा सारा संसार लखनौच्या सरोजिनीनगरात आणून मांडला. १९७५ पासून तेथे देशासाठी ‘विजय सुपर’ तयार होऊ लागली. पुढे परदेशांसाठी लॅम्ब्रेटा जीपीही तेथूनच जाऊ लागली. महाराष्ट्राला लॅम्ब्रेटा नवी नव्हती. मुंबईची ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ती पूर्वीपासून परवान्यावर बनवीत असे. परंतु येथे मूळ कारखानाच देशात आला होता.

या हस्तांतरात एक विसंगती राहून गेली. बंद पडण्याच्या थोडेच आधी इनोचेंतीने २०० सीसी मॉडेलवर डुकातीची इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन व्यवस्था बसवली होती. लखनौत मात्र सर्वसामान्य गिऱ्हाइकाच्या हाती पडणारी विजय सुपर प्रामुख्याने पॉइंटवरच धावत राहिली. मिलानने टाकलेले शेवटचे पाऊल पुढे अनेक स्कूटरमालकांना आपापल्या अंगणात स्वतःच टाकावे लागले.

पॉइंटची रचना साधी आणि कल्पक होती. चुंबके बसवलेले जड चक्र इंजिनाबरोबर फिरते आणि आतल्या कॉइलमध्ये प्रवाह निर्माण होतो. दट्ट्या वर पोहोचण्याच्या किंचित आधी चक्रावरील कॅम पॉइंटची दोन टोके विलग करतो. प्रवाह खंडित होतो, चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि प्लगवर ठिणगी पडते. टोके जळू नयेत म्हणून शेजारी कंडेन्सर असतो. विजय सुपरमध्ये बहुधा बॅटरी नसे, त्यामुळे किकच्या एका फटक्यातूनच ही सगळी ऊर्जा मिळवावी लागे.

दोष घर्षणात होता. कॅमवर घासणारी टाच झिजते, फट कमी होते, टोके उशिरा उघडतात आणि ठिणगी मागे पडते. क्रँकचे बेअरिंग सैल झाले तर चक्र डुगडुगते आणि प्रत्येक फेरीत ठिणगीची वेळ बदलते. मिनिटाला ६००० फेऱ्या घेणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनात सेकंदाला १०० ठिणग्या पडतात, आणि चक्राचा एक अंश म्हणजे सुमारे २८ मायक्रोसेकंद. एवढ्या सूक्ष्म वेळेची जबाबदारी एका लहानशा टाचेवर सोपवलेली होती. गॅरेजमधला कारागीर चक्राच्या खिडकीतून फिलर गेज घालून फट साधत असे आणि काही महिन्यांनी पुन्हा तेच करीत असे.

१९५७ साली जनरल इलेक्ट्रिकने थायरिस्टर बनवला आणि या प्रश्नाचे स्वरूपच पालटले. १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३०० व्होल्टपर्यंत भारला की त्यात ४५ मिलिजूल ऊर्जा साठते. सूचक कॉइलचा स्पंद येताच थायरिस्टर ती एकदम इग्निशन कॉइलमध्ये सोडतो. कुठेही काही घासत नाही. व्होल्टेज इतके झटपट चढते की तेलकट, काजळलेल्या प्लगवरही ठिणगी पडते. टू-स्ट्रोकसाठी हे वरदानच. १९७०च्या सुमारास ‘वायरलेस वर्ल्ड’सारख्या ब्रिटिश मासिकांतून मोटारींसाठी अशी मंडले घरी बनवण्याची माहिती येऊ लागली. ती मंडले बॅटरीवर बेतलेली होती. बिनबॅटरीच्या लॅम्ब्रेटाला ती जशीच्या तशी उपयोगी नव्हती.

म्हणून घरगुती बदलाचे खरे काम चक्राखाली चालते. नव्या स्टेटरवर अनेक वेढ्यांची चार्जिंग कॉइल आणि सूचक कॉइल हव्यात. काहींनी व्हेस्पा पीएक्सच्या धर्तीवरील स्टेटर लेथवर कातून लॅम्ब्रेटात बसवले. चक्राचा टेपर क्रँकशी जुळला पाहिजे. त्याहून अवघड गोष्ट म्हणजे चुंबकांची मांडणी आणि चावीच्या खाचेची जागा: सूचक स्पंद येण्याआधी कपॅसिटर भारलेला नसेल तर ठिणगी दुबळी पडते, आणि स्पंद फार आधी आला तर किक पायावर उलटते. अर्थिंगची एक गंजलेली तार सर्व श्रम वाया घालवू शकते. चार्जिंग कॉइलचा झटकाही गमतीचा नसतो. अखेरीस स्ट्रोब दिव्याच्या प्रकाशात चक्रावरची खूण इंजिनाच्या खुणेसमोर स्थिर दिसेपर्यंत स्टेटर सूतभर फिरवावा लागतो. ती खूण एकदा स्थिर झाली की पुढे महिनोन्महिने तशीच राहते. पॉइंटवर वर्षे काढलेल्या माणसाला याचे फार अप्रूप वाटते.

लखनौच्या कारखान्याची वाट मात्र वेगळीकडे गेली. १९९७ साली तेथील स्कूटर थांबली आणि कंपनी ‘विक्रम’ या तीनचाकीवर तग धरून राहिली. तिच्या डिझेल इंजिनाला तर ठिणगीच लागत नाही. जानेवारी २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. देशात आणि ब्रिटनमध्ये उरलेल्या तिच्या स्कूटरींवर अजूनही चक्र ओढून काढले जाते, आतले जळके पॉइंट डब्यात जातात आणि त्यांच्या जागी कॉइली बसतात.