ग्राहक शोधतो त्या शब्दांत आपला व्यवसाय: ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतील लहान व्यावसायिकांसाठी शोधशब्दांची माहिती

१९१७ साली लंडनहून परतल्यावर आणि नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होण्यापूर्वी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत शेअर्सच्या व्यवहाराबाबत सल्ला देणारा व्यवसाय सुरू केला होता. अर्थशास्त्राचे त्यांचे ज्ञान निर्विवाद होते. पण सल्ला देणारा माणूस अस्पृश्य आहे हे कळल्यावर ग्राहक येईनासे झाले आणि व्यवसाय बंद करावा लागला.

या गोष्टीला शंभर वर्षे उलटून गेली, तरी नावावरून माणूस ओळखण्याची सवय गेलेली नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा खासगी नोकऱ्यांच्या अर्जांवरील अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सारखीच पात्रता असूनही दलित आडनावाच्या उमेदवारांना मुलाखतीसाठी बोलावणे कमी येते, असे त्यात दिसले. व्यवसायातही काम बहुतेक वेळा ओळखीतून मिळते. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी इलेक्ट्रिशियन किंवा केटरर विचारला, की सदस्य आपल्या ओळखीतले नंबर टाकतात. त्या ओळखींच्या वर्तुळात आपला माणूस नसेल तर त्याचे नाव निघतच नाही.

गूगलच्या शोधपट्टीत मात्र ग्राहक आधी काम लिहितो आणि मग ठिकाण: ‘वायरिंगचे काम कल्याण पूर्व’. त्या क्षणी तो आडनाव विचारत नाही. पुढे नाव, फोटो, पत्ता सगळे दिसतेच, त्यामुळे भेदभाव संपतो असे समजू नये. पण निदान यादीत येण्यासाठी कुणाच्या ओळखीची गरज राहत नाही. ही वाट उघडायची असेल, तर ग्राहक जे शब्द लिहितो ते आपल्या संकेतस्थळावर असले पाहिजेत. त्या शब्दांना ‘कीवर्ड’ किंवा शोधशब्द म्हणतात.

शोध कसा चालतो

गूगलचे प्रोग्राम इंटरनेटवरील पाने सतत वाचत असतात. वाचलेल्या पानांची एक प्रचंड सूची तयार होते. आपण काही शोधले की त्या सूचीतून जुळणारी पाने काढून त्यांचा क्रम लावला जातो. पान त्या विषयाचे आहे का, माहिती उपयोगी आहे का, इतर विश्वासार्ह संकेतस्थळे त्या पानाचा दुवा देतात का, मोबाइलवर ते नीट उघडते का, अशा अनेक गोष्टींचा त्यात विचार होतो.

स्थानिक व्यवसायांसाठी नकाशासह जी यादी दिसते, तिचे तीन मुख्य निकष गूगलने स्वतः सांगितले आहेत: शोधाशी जुळणी, ग्राहकापासूनचे अंतर आणि व्यवसायाची प्रसिद्धी. अंतर आपल्या हातात नाही. खडकपाड्यात उभ्या असलेल्या माणसाला कोळसेवाडीतले दुकान नकाशावर पहिले दिसेलच असे नाही. जुळणी मात्र बरीचशी आपल्या हातात आहे, आणि शोधशब्दांचे काम तिथेच आहे.

जाहिरातीचे पैसे भरल्याने खालच्या साध्या निकालांतला क्रम सुधारत नाही. जाहिरात आणि साधा निकाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपले शब्द आणि ग्राहकाचे शब्द

महिला बचत गटांच्या पानांवर एक वाक्य नेहमी दिसते: ‘उच्च दर्जाची गृहोद्योग उत्पादने’. वाक्य चुकीचे नाही, पण असे कुणी शोधत नाही. लोक लिहितात ‘कांदा लसूण मसाला’, ‘आगरी मसाला डोंबिवली’, ‘घरगुती पुरणपोळी ऑर्डर’. पानावर ‘मसाला’ हा शब्दच नसेल तर मसाला शोधणारा तिथे पोहोचणार कसा?

ग्राहकाचे शब्द मिळवण्याचे मार्ग सोपे आहेत. महिनाभर येणारे फोन आणि व्हॉट्सअ‍ॅप संदेश वहीत जसेच्या तसे उतरवून घ्या. ग्राहक ‘नळाचे काम’ म्हणाला असेल तर ‘प्लंबिंग सोल्युशन्स’ लिहू नका. गूगलमध्ये अर्धे वाक्य लिहून थांबा, खाली येणाऱ्या सूचना म्हणजे लोकांनी केलेले शोध असतात. गूगल ट्रेंड्सवर दोन शब्दांपैकी कोणता जास्त शोधला जातो याची तुलना करता येते. संकेतस्थळ सर्च कन्सोलला जोडले, तर कोणते शब्द लिहून लोक आपल्यापर्यंत आले हेही कळते. ही सगळी साधने मोफत आहेत.

भाषेचाही विचार करा. आपल्या भागात एकच माणूस कधी मराठीत, कधी हिंदीत, कधी इंग्रजीत, तर कधी रोमन लिपीतल्या मराठीत शोधतो. डोंबिवलीचे इंग्रजी स्पेलिंगच दोन-तीन प्रकारे लिहिले जाते. सगळी रूपे एका परिच्छेदात कोंबण्यापेक्षा मराठीचे एक पान आणि इंग्रजीचे एक पान स्वतंत्र ठेवणे चांगले.

ठिकाणाचे नाव नेमके लिहा

आपल्याकडे रेल्वेमार्गाने शहराचे दोन भाग केले आहेत. ‘कल्याण’ एवढेच लिहून भागत नाही, पूर्व की पश्चिम हे लिहावेच लागते. स्टेशनपासून चालत किती मिनिटे, कोणत्या चौकाजवळ, रिक्षा कुठून मिळते, ही माहिती ग्राहकालाही हवी असते आणि तिच्यामुळे ठिकाणाचे शब्दही पानावर आपोआप येतात.

एकाच नावाच्या जागा हा दुसरा घोळ. मानपाडा ठाण्यात घोडबंदर रोडला आहे आणि मानपाडा रोड डोंबिवली पूर्वेला आहे. शास्त्रीनगर ठाण्यातही आहे आणि डोंबिवली पश्चिमेलाही. त्यामुळे वस्ती, दिशा आणि शहर ही तिन्ही नावे एकत्र लिहावीत.

‘कल्याण’ या शब्दाची अडचण आणखी मोठी आहे. समाज कल्याण विभाग, केरळमधून देशभर पसरलेली कल्याण ज्वेलर्सची पेढी आणि कल्याणजी भगत यांच्या नावाने ओळखला जाणारा मटका, हे सगळे याच शब्दावर हक्क सांगतात. नुसत्या या शब्दावर लहान दुकानाने वर येण्याची आशा धरू नये. ‘कल्याण पूर्व शिलाई क्लास’ अशा लांब आणि नेमक्या शब्दांवर स्पर्धा कमी असते, आणि ते लिहिणाऱ्याला खरोखर तेच हवे असते.

व्यवसायाच्या नावाचेही तसेच. नालंदा, तक्षशिला, लुंबिनी, सम्यक ही नावे आपण अभिमानाने ठेवतो आणि ठेवावीतच. पण ‘नालंदा’ शोधल्यावर बिहारचे विद्यापीठ आधी येणार. म्हणून पानाच्या शीर्षकात नावासोबत काम आणि ठिकाण आले पाहिजे.

शब्द कुठे लिहावेत

साधा नियम: एका सेवेला एक पान. समजा कल्याण पूर्वेत आपला छपाईचा व्यवसाय आहे. लग्नपत्रिका, बिलबुक आणि बॅनर यांची तीन वेगळी पाने करा. मंगल परिणयाच्या पत्रिकेचे चौथे पान करा. ‘बौद्ध लग्नपत्रिका’ शोधणाऱ्या कुटुंबाला बुद्ध आणि बाबासाहेबांचे चित्र, योग्य मजकूर आणि विधीची वेळ कशी लिहायची हे माहीत असलेला छापखाना हवा असतो. ते ज्ञान आपल्याकडे आहे, पण पानावर लिहिलेले नसते.

इथे काही व्यावसायिक विचारतात, ‘असे लिहिले तर बाकीचे गिऱ्हाईक जाईल का?’ ही भीती अनुभवातून आलेली आहे, तिला हसू नये. वेगळ्या पानांमुळे मार्ग निघतो. बिलबुक शोधणारा बिलबुकच्या पानावर येतो, पत्रिका शोधणारा पत्रिकेच्या. ओळख लपवावी लागत नाही आणि प्रत्येक पानावर मिरवावीही लागत नाही.

प्रत्येक पानावर शोधशब्द या जागी असावा:

१. पानाच्या शीर्षकात. उदाहरणार्थ, ‘बौद्ध लग्नपत्रिका छपाई, कोळसेवाडी, कल्याण पूर्व’.
२. पानावरच्या मुख्य मथळ्यात आणि पहिल्या दोन-तीन वाक्यांत.
३. निकालात शीर्षकाखाली दिसू शकणाऱ्या छोट्या वर्णनात. त्याने क्रम वाढत नाही, पण वाचून माणूस आत येतो.
४. फोटोच्या वर्णनाच्या मजकुरात. अंध वाचकांनाही त्याचा उपयोग होतो.
५. एका पानावरून दुसऱ्या पानाकडे नेणाऱ्या दुव्यात. ‘येथे क्लिक करा’ऐवजी ‘पत्रिकेचे दर पाहा’ असे लिहावे.

संकेतस्थळाच्या कोडमधल्या ‘मेटा कीवर्ड’च्या रकान्यात शंभर शब्द भरून देणारे आजही भेटतात. क्रम लावताना हा रकाना पाहत नाही, हे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केले आहे. त्यासाठी पैसे देऊ नका.

मराठी पानांची एक खास चूक म्हणजे जुने फॉन्ट. छापखान्यातला मजकूर युनिकोडमध्ये नसेल आणि तो तसाच चिकटवला, तर गूगलला मराठी शब्दांऐवजी निरर्थक अक्षरे दिसतात. हँडबिलाचा फोटो टाकून पान भरणे ही दुसरी चूक. चित्रातला मजकूर टाइप करून खाली द्यावा.

गूगल बिझनेस प्रोफाइल

नकाशावर दिसण्यासाठी हे मोफत खाते लागते. पूर्वी याचे नाव गूगल माय बिझनेस होते, नोव्हेंबर २०२१ मध्ये ते बदलले. खात्यात योग्य प्रकार निवडा, वेळ, फोन आणि फोटो भरा. नाव, पत्ता, फोन सगळीकडे सारखेच असू द्या. संकेतस्थळावर एक नंबर आणि प्रोफाइलवर दुसरा असेल तर ग्राहकही गोंधळतो.

पाटीवर आहे तेच नाव लिहावे. नावाला ‘बेस्ट प्लंबर डोंबिवली’ अशी शेपटी जोडणे नियमाविरुद्ध आहे. त्यामुळे प्रोफाइल बंद होऊ शकते आणि जमवलेले अभिप्रायही दिसेनासे होतात.

घरून काम करणाऱ्या भगिनींसाठी आणि ग्राहकाच्या घरी जाऊन काम करणाऱ्यांसाठी एक सोय महत्त्वाची आहे. घरचा पत्ता न दाखवता फक्त सेवा देत असलेला परिसर दाखवता येतो. सुरक्षिततेसाठी ती उपयोगी आहेच. शिवाय वस्तीचे नाव वाचून फोन न करणारे लोकही असतात, हे आपल्याला माहीत आहे. पत्ता दाखवायचा की नाही हा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा, पण सोय आहे हे माहीत असावे.

अभिप्राय खऱ्या ग्राहकांकडूनच घ्या. काम झाल्यावर दुवा पाठवून विनंती करा, ‘काय काम केले आणि कुठे, तेही लिहा’ असे सांगा. बदल्यात सूट किंवा भेट देऊ नका. प्रत्येक अभिप्रायाला, विशेषतः तक्रारीला, शांतपणे उत्तर द्या. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १९०००:२०२२ हे मानकही आहे.

काय करू नये

एकच शब्द पानभर वीस वेळा लिहिणे, पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवणे, फक्त गावाचे नाव बदलून तेच पान ठाणे, मुंब्रा, टिटवाळा अशा दहा ठिकाणांसाठी छापणे, नसलेल्या शाखेचा पत्ता देणे, हे सगळे गूगलच्या धोरणात फसवणूक ठरते आणि त्याने पान खाली जाते. पंचशीलातले चौथे शील आपल्याला वेगळ्या कारणाने हेच सांगते. जे काम आपण करत नाही त्याचा शब्द पानावर नको.

‘पहिल्या क्रमांकाची हमी’ देणाऱ्यापासून सावध राहा. अशी हमी कुणीही देऊ शकत नाही, असे गूगलचेच म्हणणे आहे. पैसे देण्याआधी डोमेन कुणाच्या नावावर असेल, प्रोफाइलचा मालक कोण असेल आणि सर्च कन्सोलचा प्रवेश मिळेल का, हे तीन प्रश्न विचारा. तिन्ही गोष्टी व्यावसायिकाच्या स्वतःच्या ईमेलवर हव्यात. नाहीतर एजन्सी सोडताना सगळे तिच्याकडेच राहते.

परिणाम कधी दिसतो

बदल केल्यावर काही आठवडे ते काही महिने लागतात. रोज स्वतःचेच नाव शोधून पाहू नका, तुमच्या फोनला तुमचे ठिकाण माहीत असते आणि त्यानुसार निकाल बदलतो. महिन्यातून एकदा सर्च कन्सोल पाहा. ज्या शब्दांवर आपले पान दिसते पण कुणी उघडत नाही, त्यांचे शीर्षक सुधारा. खरा हिशोब मात्र वहीतच ठेवा: ‘तुम्हाला आमची माहिती कुठून मिळाली?’ हा प्रश्न प्रत्येक नव्या ग्राहकाला विचारा.

हे काम शिकायला महागडा कोर्स लागत नाही. आपल्या बहुतेक बुद्धविहारांत रविवारी वंदनेला लोक जमतात. त्यानंतर दोन तास काढून, फोन चालवण्यात तरबेज असलेल्या मुलामुलींना वस्तीतल्या टेलर, पेंटर, मंडप डेकोरेटर आणि खाणावळवाल्या ताईंसोबत बसवता येईल. पहिल्या रविवारी फक्त शब्दांची वही, दुसऱ्या रविवारी प्रोफाइल, तिसऱ्या रविवारी एका सेवेचे एक पान. ज्यांचे काम चांगले आहे त्यांचे नाव यादीत तरी दिसले पाहिजे, एवढी व्यवस्था आपण नक्कीच करू शकतो.