मिठाविना शिजलेला भात



गोव्यातील इन्क्विझिशनने १७३६ साली एक आज्ञापत्र काढले. ख्रिस्ती झालेल्या स्थानिकांनी कोणकोणते जुने आचार सोडावेत, याची त्यात लांबलचक यादी आहे. घराभोवती तुळस लावू नये, एकादशी करू नये, ही कलमे अपेक्षितच होती. पण त्याच यादीत एक कलम असेही आहे की, हिंदूंप्रमाणे मिठाविना भात शिजवू नये. अ. का. प्रियोळकरांनी इन्क्विझिशनवरील आपल्या १९६१ च्या इंग्रजी ग्रंथात या आज्ञापत्राची विस्ताराने माहिती दिली. १९५१ च्या कारवार साहित्य संमेलनाचे हे अध्यक्ष ज्या प्रियोळ गावचे, त्याच गावात मंगेशीचे देऊळ आहे. साष्टीतून जुवारी ओलांडून १५६० मध्ये देव तेथे आला. त्याच वर्षी गोव्यात इन्क्विझिशन बसले आणि मध्यंतरीचा एक छोटा खंड सोडला, तर १८१२ पर्यंत टिकले.

भातातल्या मिठाशी एवढ्या मोठ्या न्यायसभेला काय करायचे होते? आपल्याकडे वरणभाताचा भात अळणी शिजतो आणि मीठ पानात वर मधोमध वाढले जाते. ज्याला जितके हवे तितके त्याने घ्यावे. नैवेद्याच्या भातातही मीठ नसते. म्हणजे घरात अळणी भात शिजतो आहे यावरून त्या घरातून देव अजून गेलेला नाही, असा संशय घेता येई. तुळस शेजाऱ्याला दिसते, एकादशी तोंडातून निघून जाते. भाताची चव मात्र जेवायला बसलेल्यालाच कळते. या कलमातली खरी भीती मला येथे दिसते. त्याची अंमलबजावणी व्हायची असेल, तर बातमी घरच्याच माणसाने बाहेर न्यायला हवी.

ही रीत पोर्तुगीजांनी येथे येऊन शोधलेली नव्हे. स्पेन-पोर्तुगालात ज्यू कुळांतून ख्रिस्ती झालेल्यांवर पाळत ठेवायची ती चुलीवरूनच. डुकराच्या चरबीऐवजी ऑलिव्हचे तेल कोण वापरते, शनिवारचे जेवण शुक्रवारी सूर्यास्तापूर्वीच मंद आचेवर कोण चढवून ठेवते, हे शेजारणीला नेमके ठाऊक असे. गार्सिया द ओर्ता हा वैद्य अशाच कुळातला. त्याचा संवादग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. आपल्या नारळावर, आंब्यावर, हिंगावर त्याने किती आवडीने लिहिले आहे! तो १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला गोव्यात जाळण्यात आले आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे उकरून जाळली गेली.

आता नाण्याची आपली बाजू पाहू. विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याची गोष्ट कोकणात कोणी ऐकलेली नाही? पाण्यात पाव पडल्याने कोणी ख्रिस्ती होत नाही. चर्चच्या नियमाने त्यासाठी बाप्तिस्मा लागतो. मग त्या गोष्टीत गाव बाटतो कशाने? जातीच्या नियमाने. ते पाणी प्यायलेल्याला परत घ्यायचे नाही हे आपणच ठरवलेले. गोष्ट घडली असो वा नसो, ती खरी वाटावी एवढा तो नियम कडक होता, हे मात्र निश्चित.

पण त्याच पोर्तुगीज गलबतांच्या वाटेने बटाटा, मिरची, काजू, अननस, पपई आली, त्यांनी कोणीच बाटले नाही. चतुर्थीला गोव्यात हिंदू घरी जे खतखते होते, त्यात मक्याचे कणीस आणि बटाटा तिरफळाशेजारी सुखाने नांदतात. दोन्ही मूळचे अमेरिकेतले. साबुदाण्याची खिचडी घ्या. हल्लीचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, त्यातला शेंगदाणा, बटाटा आणि मिरची, सगळेच अमेरिकेचे, आणि ते आपण उपवासाला खातो! उत्तर साधे आहे. ही कच्ची फळे, कंद आणि दाणे होते. शिजवणारा हात आपला होता. पाव दुसऱ्याच्या भट्टीतून भाजून येतो.

पोर्तुगीजांना जेवणासाठी पाव लागे.  पण येथे यीस्ट कोठले? उपाय माडावर मिळाला. रेंदेर फुलोऱ्याचे टोक कापून मडके बांधतो. त्यात थेंबथेंब गोड रस जमतो. हवेतले आणि मडक्यातले किण्व काही तासांत त्याला फेस आणतात. ही सूर पिठात घातली की पीठ फुगते. साष्टीतल्या माजोर्ड्याच्या लोकांना हे काम प्रथम शिकवले गेले, असे परंपरा सांगते. पदेर सायकलवर टोपली बांधून भोंगा वाजवत उंडे, पोई, काकणे विकतो, तो या परंपरेचा वारस. हल्ली भट्टीत बहुधा बाजारचे यीस्टच असते. सुरेची किंचित आंबूस चव आता विरळा.

तीच सूर राहू दिली की तिचा शिर्का होतो आणि येथे दुसरी कथा सुरू होते. मदैरा बेटावर नाताळसाठी डुकराचे मांस द्राक्षाच्या दारूत किंवा शिर्क्यात लसूण घालून मुरवतात. गोव्यात माडाचा शिर्का होता. त्याच्या जोडीला मिरची आणि मसाले आले, आणि नाव अपभ्रंशाने विंदालू झाले. त्यात बटाटा घालणाऱ्यांनी नावातला शेवट ‘आलू’ समजून घेतला. तो मूळचा पोर्तुगीज लसूण. मदैराचेच मजूर एकोणिसाव्या शतकात गयानाला गेले, तेथे हा पदार्थ आजही नाताळच्या सकाळी लसणीचे डुक्कर म्हणून होतो. त्यात आपला मसाला नाही. मुरवण मात्र तीच.

मुरवण्याचे कारण चवीआधी टिकण्याचे. शिर्क्याच्या आंबटपणात मांस नासवणारे जंतू सहज वाढत नाहीत. शीतपेटी नसलेल्या काळी याला फार मोल होते. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत सोर्पोतेल म्हणूनच सणाच्या दोन-तीन दिवस आधी करून ठेवतात आणि रोज एकदा उकळी देतात. करणाऱ्याने पहिल्या दिवशी चव घेऊन निराश होऊ नये; तेव्हा शिर्का नुसता टोचतो. तिसऱ्या दिवशी तो मसाल्यात विरतो, आणि तेव्हा सोबत सुरेने फुगवलेली सान्ने असावीत.