मालाचे नाव, मालाचे गाव : बंगळूरची पेठ आणि संस्कृतींमधील व्यापारी वाटणी

ऐतिहासिक व्यूहरचनेचे संगणकीय खेळ आता तीन दशकांहून अधिक जुने झाले आहेत. सिड मायर यांचा ‘सिव्हिलायझेशन’ हा खेळ १९९१ साली आला. त्याच्या २००१ च्या तिसऱ्या आवृत्तीत नकाशावरील चौकटींवर मद्य, फर, रंगद्रव्ये, धूप, मसाले, हस्तिदंत, रेशीम आणि रत्ने अशा आठ चैनीच्या वस्तू, तसेच घोडे, लोखंड, सोरा यांसारखी युद्धोपयोगी संपदा ठेवलेली असते. ‘युरोपा युनिव्हर्सालिस’च्या २०१३ च्या चौथ्या आवृत्तीत तर प्रत्येक प्रांताच्या वाट्याला एकच व्यापारी माल येतो. अशा पटावर खरा इतिहास मांडू पाहणाऱ्याला कोणत्या संस्कृतीस कोणता माल द्यावा हे ठरवावे लागते, आणि उत्तरे जिभेवर तयारच असतात : चीनला रेशीम, अरबांना धूप, हिंदुस्थानला मसाले आणि हस्तिदंत. खेळ म्हणून याला आक्षेप घेण्याचे कारण नाही. पटाला नियम लागतातच. परंतु माल भूमीतून उगवतो, भूमी एका संस्कृतीची असते, म्हणून माल त्या संस्कृतीचा, हे त्यामागील गृहीतक साहित्याच्या तौलनिक अभ्यासकाला परके वाटू नये. ओवी मराठीला, वचन कन्नडला आणि गझल फारसीला वाटून देताना आपणही याच गृहीतकावर विसंबत आलो आहोत. प्रस्तुत निबंधात ते बंगळूरच्या पेठेत नेऊन तपासावयाचे आहे.

प्रथम नावांकडे पाहू. संस्कृत कोशपरंपरेत मिऱ्याला ‘यवनप्रिय’ असे एक नाव आहे. मिरे पिकते मलबारात, पण नाव मिळाले ते गिऱ्हाइकावरून. दालचिनी हा फारसी शब्द; त्याचा अर्थ चिनी लाकूड. उत्तम दालचिनी सिंहलद्वीपातली, तरी नावात चीन राहिला, कारण फारसी बाजाराने तिची सांगड चीनशी घातली होती. ‘सैंधव’ म्हणजे मीठही आणि घोडाही. जेवताना सैंधव मागितले तर मीठ आणावे आणि प्रवासास निघताना मागितले तर घोडा, हा शास्त्रग्रंथांतील नेहमीचा दृष्टांत आहे. दोन्ही माल सिंधूकडून येत, म्हणून एका शब्दात बसले. सर्वांत बोलके उदाहरण मिरचीचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून आलेल्या या फळाने मिऱ्याचे नाव घेतले आणि काही पिढ्यांतच ते इतके घरचे झाले की मिरचीवाचून मराठी किंवा कन्नड स्वयंपाकघराची कल्पनाही करवत नाही. ही नावे उगमाची साक्ष देतातच असे नाही. कधी ती वाट सांगतात, कधी दलाल, कधी खाणारा. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी १६७७ च्या सुमारास रचलेल्या ‘राजव्यवहारकोशा’त फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यात आले, त्यात एक वर्ग पण्याचाही आहे. तरीही मखमल, किनखाब, अत्तर, दालचिनी ही नावे मराठीतून गेली नाहीत. राजाज्ञा दफ्तरात चालली; दुकानात गिऱ्हाईक जे मागेल तेच नाव टिकले.

आता पेठ. पहिल्या केंपेगौडाने १५३७ साली वसविलेल्या या गावात जी ‘पेटे’ उभी राहिली, तिच्या भागांची नावे दोन जातींची आहेत. अरळेपेटे म्हणजे कापसाची, अक्किपेटे तांदळाची, बळेपेटे बांगड्यांची. ही झाली मालाची नावे. गाणिगरपेटे तेल्यांची, कुंबारपेटे कुंभारांची, उप्पारपेटे उप्पारांची, म्हणजे मूळच्या मीठ करणाऱ्यांची. ही झाली माणसांची. कन्नड नगररचनेने माल आणि माल घडविणारा यांना एकाच तऱ्हेने नावे दिली. पुण्यास गेलो तर पेठा शनिवार, बुधवार, रविवार अशा वारांच्या, किंवा सदाशिव, नारायण, नाना अशा व्यक्तींच्या; धंदा उतरला तो आळीत : तांबट आळी, कासार आळी. पेठ हा शब्द दोन्ही भाषांचा, परंतु तो कशाला चिकटवावा याविषयी दोन्ही गावांचे मत निराळे. या फरकाकडे नगरांच्या इतिहासकारांपेक्षा भाषेच्या अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यावयास हवे होते, असे मला वाटते.

टिपूच्या पाडावानंतर, १८०० साली फ्रान्सिस बुकॅनन बंगळुरास आला. त्याने नोंदविलेला एका वर्षाच्या आयातीचा अंदाज असा : कापूस १५०० बैलांचे ओझे, कच्चे रेशीम २३०, मीठ ७०००, निर्यातीत सुपारी ४००० बैल. कापूस मुख्यतः निजामाच्या व दक्षिण महाराष्ट्राच्या मुलखातून येई. आज बंगळूरला एकच माल द्या म्हटले तर कोणीही खेळाडू रेशीम देईल. बुकॅननच्या आकड्यांत रेशीम आहे, पण ते बाहेरून येणारे. विणणारे हात मात्र पेठेतले, खत्री आणि पट्टेगार यांचे. आणि समुद्रापासून दूर असलेल्या या पठारावरचा सर्वांत अवजड माल निघतो मीठ, ज्याची कोणत्याही पटावर चैनीची वस्तू म्हणून गणना होणार नाही.

म्हैसूरचे रेशीम म्हैसूरचे झाले ते प्रयत्नाने. टिपूने बंगालमध्ये माणसे पाठवून रेशीमकिडे आणविले. १७८६ सालच्या त्याच्या पत्रात किड्यांच्या संगोपनासाठी २१ ठिकाणे ठरविण्याचा उल्लेख येतो. पुढे १८९० च्या दशकाच्या अखेरीस जमशेटजी टाटांनी जपानी तज्ज्ञांच्या साह्याने बंगळुरात रेशीमशेती उभारली. बसवनगुडीजवळच्या वस्तीला अजून तिचे नाव आहे. बंगालचा किडा, जपानचे ज्ञान, पारशी भांडवल आणि कन्नड शेतकऱ्याची तुती या सर्वांवर आज ‘म्हैसूर सिल्क’ हे एकच भौगोलिक मानांकन आहे. १९९९ च्या, आणि २००३ पासून अमलात आलेल्या मानांकन कायद्याने पटावरची वाटणी न्यायालयीन केली. कोल्हापुरी चपलेच्या बाबतीत मात्र या कायद्याला निराळी वाट काढावी लागली. २०१९ साली ते मानांकन महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून देण्यात आले. अथणीचा कारागीर त्यामुळे कर्नाटकात राहून कायद्याने ‘कोल्हापुरी’ करतो. सीमाप्रश्नावर भाषणे देणाऱ्या दोन्ही बाजूंना हा निर्णय फारसा आठवत नाही.

वाङ्मयाच्या मालाकडे वळताना पुन्हा याच गावात यावे लागते. रणदुल्लाखानाच्या मोहिमेनंतर १६३८ पासून बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या दरबारात जयराम पिंड्ये यांनी ‘राधामाधवविलासचंपू’ रचला. तो १९२२ साली राजवाड्यांनी प्रसिद्ध केला. राजवाड्यांना त्यात मराठ्यांच्या इतिहासाचे साधन दिसले, आणि पुढील अभ्यासकांनी बहुधा तीच वाट धरली. ग्रंथाच्या अखेरच्या भागात निरनिराळ्या भाषांचे कवी शहाजीराजांपुढे आपापली कविता सादर करतात, आणि जयराम स्वतः बारा भाषा येत असल्याचे सांगतो. हे बहुभाषिकत्व पांडित्याचे प्रदर्शन म्हणून बाजूस सारण्याची रीत पडली आहे. मला ती मान्य नाही. ज्या पेठेत कापूस, मीठ आणि रेशीम निरनिराळ्या मुलखांतून येऊन एका तराजूत पडत, तिच्याच माथ्यावरच्या दरबारात कविताही तशीच येत होती. येथे भाषा कवीच्या जन्मगावावरून ठरत नाही. कोणापुढे काय मांडायचे आहे यावरून ती निवडली जाते.

भोसल्यांचे बंगळूर फार टिकले नाही. तंजावरास स्थिरावलेल्या एकोजींनी ते तीन लाख रुपयांस म्हैसूरच्या चिक्कदेवराजाला विकण्याची बोलणी चालविली असता १६८७ साली मोगल सरदार कासिमखानाने ते घेतले, आणि त्याच रकमेस चिक्कदेवराजालाच दिले, असे सांगतात. ज्या गावाला कोणता माल द्यावा याचा आपण विचार करीत आहोत, तेच गाव येथे माल झाले. इकडे तंजावरात एकोजींचे पुत्र शहाजी (कारकीर्द १६८४–१७१२) यांनी यक्षगाने लिहिली ती तेलुगूत. मराठी वाङ्मयेतिहासात त्यांना एखादा परिच्छेद मिळतो, तेलुगू वाङ्मयेतिहासात ती दरबारी नाट्याच्या प्रकरणात येतात, आणि बंगळूरच्या ज्या बहुभाषिक दरबारातून हे घराणे तेथे गेले, त्याच्याशी या नाटकांचे नाते या दोहोंपैकी कोणीही लावून पाहत नाही.