दाम मोजणारा श्रोता

वर्गणीदाराने वर्गणी द्यावी आणि तिच्या बळावर वृत्तपत्राने चालावे, हा व्यवहार मराठी समाजाला शतकाहून अधिक काळ परिचित आहे. ध्वनी आणि चित्र यांच्या बाबतीत मात्र असा सरळ सौदा जमण्यास फार उशीर लागला. आणि त्याची झळ बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांतील मराठी भाषिकांसारख्या लहान समाजांना अधिक लागली.

पहिला प्रयोग मुंबईचा. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने तेथे नभोवाणी केंद्र सुरू केले. यंत्र बाळगणाऱ्याने वर्षाला दहा रुपये परवाना शुल्क भरावे व त्यातील ऐंशी टक्के कंपनीस मिळावेत, अशी योजना होती. १९२९ च्या अखेरीस परवाने जेमतेम पावणेआठ हजार झाले. म्हणजे कंपनीच्या पदरी वर्षाकाठी सुमारे बासष्ट हजार रुपये! मुंबई व कलकत्ता ही दोन केंद्रे तेवढ्यावर कशी चालावीत? परवान्यावाचून ऐकणारेही पुष्कळ होते. १९३० च्या मार्चमध्ये कंपनी मोडीत निघाली. सरकारने कारभार हाती घेतला. १९३१ च्या ऑक्टोबरात तो बंद करण्याचे ठरविले, परंतु लोकांतून ओरड होताच पुढच्याच महिन्यात निर्णय फिरविला. दाम मोजणाऱ्याच्या शब्दाला वजन असते ते असे.

पुढे दूरचित्रवाणी आली. १९७५-७६ च्या उपग्रह प्रयोगात तेव्हाच्या गुलबर्गा जिल्ह्यातील खेड्यांना सरकारी खर्चाने सामुदायिक संच मिळाले. उपक्रम लोकहिताचाच होता. पण त्याच्या भाषा हिंदी, कन्नड, तेलुगू आणि उडिया. आळंद तालुक्यातील मराठी कुटुंबाला त्यात स्वतःची भाषा ऐकू येणे शक्य नव्हते. १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती आल्या आणि १९८५ साली परवाना पद्धतीच बंद झाली. जाहिरातदार डोकी मोजतो. सीमेवरच्या थोड्या डोक्यांसाठी तो वेगळा कार्यक्रम कशाला करील?

१ फेब्रुवारी २०१९ पासून नव्या दरपद्धतीने प्रत्येक सशुल्क वाहिनी सुटी विकत घेण्याची मुभा मिळाली. भालकीचे कुटुंब आता आपल्या पसंतीची मराठी वाहिनी निवडून तिचे दाम मोजू शकते. तरी ती वाहिनी मुख्यतः मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकांसाठीच बोलते. औराद किंवा बसवकल्याणची बोली तिच्यात क्वचितच उमटते.

उपाय हिशेबात आहे. पाच हजार घरांनी वर्षाला शंभर रुपये थेट निर्मात्याच्या हाती दिले, तर पाच लाख होतात. त्यातून लहानसा, पण स्वतःचा कार्यक्रम उभा राहू शकेल. मात्र १९२७ सालची ती कंपनी फुकट ऐकणाऱ्यांनीही खचविली होती, हे विसरून चालणार नाही. ज्या समाजाला आपली भाषा पडद्यावर हवी असेल, त्याने तिची किंमतही आपल्याच खिशातून मोजली पाहिजे.