होळकरांचा गोरा पाहुणा

आपल्या इंदूरकर मराठी घरांत होळकर संघाचा विषय निघाला की कर्नल सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर ही नावे ओघाने येतात. डेनिस कॉम्प्टनचे नाव कुणी क्वचितच काढतो. तो होळकरांकडून खेळला तोही अगदी थोडा काळ.

कॉम्प्टन हा पोटासाठी खेळणारा, उन्हाळ्यात क्रिकेट आणि हिवाळ्यात आर्सेनल क्लबाकडून फुटबॉल. दुसऱ्या महायुद्धात लष्करी नोकरीने त्याला महूला आणले आणि महूहून इंदूर ते किती लांब! महाराज यशवंतराव होळकरांच्या संघात त्याला जागा मिळाली.

इथे एक गंमत आम्हाला नेहमी वाटते. त्या काळी इंग्लंडात पैसे घेऊन खेळणाऱ्याला हौशी खेळाडूंपेक्षा खालचे मानत. असा खेळाडू त्यांच्या कसोटी संघाचा नियमित कर्णधार झाला तो थेट १९५२ साली, लेन हटन. आणि आपल्याकडे? सी. के. दरबारच्या पदरी असलेले, होळकर फौजेतले अधिकारी, आणि संघाचे कर्णधारही तेच. पगार घेऊन खेळण्यात कमीपणा आहे असे इंदूरने कधी मानले नाही.

मार्च १९४५. रणजी करंडकाचा अंतिम सामना, मुंबईचे ब्रेबॉर्न स्टेडियम, होळकरांची पहिलीच अंतिम फेरी. मुंबईच्या ४६२ धावा, आपल्या ३६०. दुसऱ्या डावात मुंबईने ७६४ केल्या, त्यात एकट्या विजय मर्चंटच्या २७८. जिंकायला हव्या होत्या ८६७! मुश्ताकने पहिल्या डावात १०९ काढल्या होत्या, आता १३९ काढल्या. कॉम्प्टन २४९ वर नाबाद राहिला. संघाच्या ४९२ पैकी या दोघांच्या ३८८. बाकी सगळ्यांच्या, अवांतर धरून, १०४. सामना ३७४ धावांनी गेला.

सांगतात की एका धनिक व्यापाऱ्याने कॉम्प्टनला शंभरीपुढच्या प्रत्येक धावेला रोख बक्षीस कबूल केले होते. खेळी संपल्यावर हाती आली ती चिठ्ठी: शेटजी तातडीच्या कामासाठी कलकत्त्याला गेले आहेत!

पण त्या सामन्यात खरे घाम गाळणारे होते सी. के. यांचे धाकटे बंधू सी. एस. नायडू. दोन्ही डावांत मिळून ९१७ चेंडू, ४२८ धावा, ११ बळी. सामन्यात इतके चेंडू टाकण्याचा तो जागतिक विक्रम. हरलेल्या बाजूला असल्यामुळे त्यांच्या वाट्याला कौतुक कमी आले, असे आमचे स्पष्ट मत आहे.

युद्ध संपले, कॉम्प्टन मायदेशी परतला, आणि १९४७ च्या एका मोसमात त्याने ३८१६ धावा नि १८ शतके ठोकली. इकडे १९४५-४६ मध्ये होळकरांनी म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ केल्या, एकाच डावात सहा शतके. मग बडोद्याशी अंतिम सामना, आपल्या इंदूरातच. त्यात पन्नाशीच्या सी. के. यांनी २०० धावा काढल्या आणि करंडक पहिल्यांदा इंदूरला आला.