पाणवठ्याचा नकाशा : हूफडॉर्प आणि महाड

हूफडॉर्पची भूमी एके काळी हार्लेमरमेर नावाच्या सरोवराचा तळ होती. सुमारे १८,००० हेक्टरांचे हे सरोवर वाफेवर चालणाऱ्या तीन पंपगृहांनी उपसून १८५२ मध्ये कोरडे करण्यात आले. त्यांपैकी क्रूकियस हे पंपगृह आज संग्रहालय म्हणून जवळच उभे आहे. उघड्या पडलेल्या जमिनीवर अभियंत्यांनी सरळ कालवे व सरळ रस्ते आखले. मुख्य कालवा आणि त्याला छेदणारा रस्ता जेथे मिळतात, तेथे १८५३ मध्ये हे गाव वसले.

आपल्या पूर्वजांच्या गावाचा नकाशा कोणी कागदावर काढला नव्हता. तरी तो पिढ्यान्‌पिढ्या पुसला गेला नाही. आळ्या जातीनुसार, महारवाडा गावकुसाबाहेर आणि पाणवठाही वेगळा. त्यामुळे कोऱ्या भूमीवर आखलेले गाव पाहिले की प्रश्न पडतो : आराखडा सरळ असला म्हणजे समाजही समतेचा होतो काय?

इतिहास तसे सांगत नाही. येथील जमिनी सरकारने विकल्या. अनेक जमिनी शहरांतील धनिकांनी घेतल्या. कष्टकरी मात्र झोपड्यांत राहिले, आणि पिण्याच्या चांगल्या पाण्याअभावी आरंभीच्या वर्षांत रोगराईला बळी पडले. रेषा सरळ होत्या; वाटणी सरळ नव्हती.

महाडचा अनुभव याहून तीव्र आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले असल्याचे जाहीर केले. तथापि, कागदावर खुले झालेले तळे बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आपल्या अनुयायांसह तेथवर चालत गेले व त्यांनी ओंजळभर पाणी घेतले. तेव्हा ते खऱ्या अर्थाने सार्वजनिक होऊ लागले. न्यायालयीन लढा तर १९३७ पर्यंत चालला. जागा सार्वजनिक ठरते ती केवळ ठरावाने नव्हे. ज्यांना दूर ठेवले गेले, त्यांच्या पावलांनी.

हूफडॉर्प समुद्रसपाटीच्या काही मीटर खाली आहे. पंप थांबले तर पाणी परत येईल. या पाण्याचा कारभार राइनलंड जलमंडळ पाहते आणि त्याचे बहुतेक सभासद मतदानाने निवडले जातात. येथे कायदेशीर वास्तव्य असलेल्या प्रौढ परदेशी नागरिकांनाही हे मत देता येते. २०२३ नंतरची या निवडणुकीची पाळी मार्च २०२७ मध्ये येते, आणि त्याच महिन्यात महाडच्या सत्याग्रहाला १०० वर्षे पूर्ण होतात. ज्या समाजाला पाण्याला स्पर्श करण्यासाठी लढावे लागले, त्याच्या लेकरांना येथे पाण्याच्या कारभारात मत आहे. ते मत न देता घरी बसणे महाडच्या वारसांना शोभणारे नाही.