निजाम सर्किटचा मारुती

सिनेमाच्या धंद्यातून निजाम अजून गेलेला नाही. १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं, १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६०ला महाराष्ट्र झाला. पण वितरकांच्या वहीत नांदेड, लातूर, परभणी, बीड हे जिल्हे आजही ‘निजाम’ याच खात्यावर मांडलेले असतात. तेलंगणा आणि बिदर, गुलबर्गा, रायचूर आमच्या पंगतीला. पुणेकर मुंबई खात्यात, नागपूरकर सी. पी. बेरारमध्ये आणि आम्ही निजामात. नांदेडला सिनेमाच्या रिळांची पेटी यायची ती बहुतेक वेळा हैदराबादहून.

मी देगलूरचा. जत्रेतल्या टुरिंग टॉकीजच्या तंबूपासून नांदेडच्या पक्क्या थिएटरपर्यंत माझी उमर ऑपरेटरच्या केबिनमध्ये गेली. प्रेक्षक पडदा पाहतो. ऑपरेटर केबिनच्या बारक्या खिडकीतून पडद्याइतकाच प्रेक्षकही पाहतो. शिट्टी कुठल्या रिळाला पडते, बाया पदर डोळ्याला कधी लावतात, चिल्लर कधी उधळली जाते, हे आम्हाला पाठ असतं. आज पोरं सुपरहिरो म्हणतात, पुढच्या भागाची तारीख विचारतात, आणि जाणती माणसं ‘हे अमेरिकेचं खूळ’ म्हणून हात झटकतात. ते मला पटत नाही. आमच्या भागात हे खूळ अमेरिकेहून आलं नाही. ते वेशीवरच्या मारुतीच्या देवळातून निघालं आणि हैदराबादच्या पेटीत बसून आलं.

मराठवाड्यातलं खेडं आठवा. वेशीजवळ मारुती, त्याच्यासमोर पार, बाजूला तालीम. शनिवारी तेल आणि रुईच्या पानांची माळ. गावावर संकट आलं तर उडून येणारा, डोंगर उचलणारा, शेपटीनं लंका जाळणारा हा वीर पोरांना शाळेच्या आधी माहीत होतो. म्हणून दादासाहेब फाळक्यांनी १९१७ला ‘लंकादहन’ काढला तेव्हा लोकांना नवीन काही समजावून सांगावं लागलं नाही. राम आणि सीता दोघांचंही काम अण्णा साळुंके या एकाच नटानं केलं होतं आणि लोकांनी दोघांनाही हात जोडले. मद्रासेत तिकिटांच्या नाण्यांची पोती बैलगाडीतून न्यावी लागली असं सांगतात. उडणाऱ्या माणसाला पाहून थिएटर उभं राहण्याची रीत तेव्हापासूनची आहे.

मी ती रीत तंबूत पाहिली. लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची जत्रा मार्गशीर्षात भरते. घोडे, उंट, गाढवं यांचा बाजार, कुस्त्यांचा फड, तमाशाचे तंबू, आणि त्याच रांगेत टुरिंग टॉकीज. लातूरला महाशिवरात्रीला सिद्धेश्वराची जत्रा, तिथंही तंबू पडायचे. ट्रकवर मशीन, मागं जनरेटर, कापडाचा पडदा, खाली माती. बायका एका अंगाला, गडी दुसऱ्या अंगाला. अशा तंबूत दारासिंगचा ‘बजरंगबली’ (१९७६) लावला की मालकाला जाहिरात करावी लागायची नाही. पैलवान फडातली कुस्ती संपवून अंगाची माती न झटकता आत यायचे. दारासिंग त्यांच्यातला होता, खरा पैलवान, आणि वर मारुती. पडद्यापुढं नारळ फुटायचे. कुणी चपला बाहेर काढून ठेवायचा. पहिला खेळ संपला की आम्ही पडद्याखालची चिल्लर गोळा करायचो. त्यातली काही नाणी पडद्याला भोकं पाडून गेलेली असत, ती भोकं मी स्वतः ठिगळ लावून बुजवलेली आहेत.

देगलूर, बिलोली, धर्माबाद ही आमची सीमा. पलीकडं निजामाबाद. बाजाराला, मजुरीला, सोयरिकीला माणसं रोज इकडून तिकडं जातात आणि निम्म्या घरांत तेलुगू कळतं. म्हणून आमच्याकडं पिक्चरच्या आधी त्याची बातमी यायची. निजामाबादला पाहून आलेला माणूस पारावर बसून आख्खा सिनेमा सांगायचा, मारामारी हातानं करून दाखवायचा. मग पेटी येईपर्यंत गाव त्या सांगण्यावर जगायचं. १९८०ला एन. टी. रामारावांचा तेलुगू ‘सुपरमॅन’ आला. दिग्दर्शक व्ही. मधुसूदन राव, नायिका जयाप्रदा. अमेरिकेचा ‘सुपरमॅन’ १९७८चा, त्याचा पोशाख यांनी घेतला, पण ताकद कुठल्या परग्रहावरून आणली नाही. आईबाप गमावलेला पोरगा हनुमंताला आळवतो आणि हनुमंत त्याला बळ देतो. सीमेवरच्या माणसाला ही गोष्ट एका दमात कळली. मुंबईच्या समीक्षकांनी या सिनेमाकडं फारसं लक्ष दिलं नाही. माझ्या मते या देशातल्या सुपरहिरोच्या इतिहासात त्याला मोठी जागा आहे, कारण परदेशी कपड्यात आपला देव कसा बसवायचा हे त्यानं २०२४च्या ‘हनुमान’च्या चव्वेचाळीस वर्षं आधी दाखवून ठेवलं.

हिंदीत मोठी लाट आली ती १९८७ला, शेखर कपूरच्या ‘मिस्टर इंडिया’नं. ट्रिक फोटोग्राफी पीटर परेराची. आज संगणकावर जे होतं ते या माणसानं कॅमेऱ्यात आणि दोऱ्यांवर केलं. हातावर घड्याळासारखं यंत्र घातलं की माणूस दिसेनासा होतो, आणि दिसतो तो फक्त लाल उजेडात. नांदेडच्या पोरांनी दुकानातले लाल जिलेटिन कागद विकत घेतले आणि डोळ्याला लावून गल्लीभर फिरले. मारुतीच्या मूर्तीचा प्रसंग आला की थिएटरात जो आवाज उठायचा त्यानं केबिनची काच थरथरायची. अदृश्य माणसाच्या हातात मूर्ती आहे, गुंडांना वाटतं देवच मारतोय, आणि प्रेक्षकाला दोन्ही गोष्टी एकदम माहीत आहेत. त्या रिळाला मी दुसऱ्या मशीनवरचं रीळ आधीच लावून, कार्बनच्या काड्या तपासून तयार राहायचो. कारण तिथं ‘वन्स मोअर’चा ओरडा व्हायचा आणि कधी कधी मालक खालून खूण करायचे, लाव परत.

वन्स मोअर म्हणजे काय हे आता सांगावं लागतं. दोन हजार फुटांचं रीळ साधारण बावीस मिनिटं चालतं. दोन मशीन असतात, एकावरचं संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका येतो आणि दुसरं चालू करायचं. लोकांनी गाणं किंवा मारामारी परत मागितली तर संपलेलं रीळ उलटं गुंडाळून, अंदाजानं जागा शोधून पुन्हा चढवायचं. लोक तोवर बाकं बडवत बसायचे. प्रेक्षकाच्या मागणीवरून सिनेमाचा क्रम बदलायचा, हा केवढा मोठा हक्क होता! कीर्तनात श्रोत्यांनी अभंग पुन्हा म्हणायला लावावा तसा.

‘मिस्टर इंडिया’चा दुसरा भाग कधी, हा प्रश्न मला तिकीटखिडकीवर, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात लोकांनी विचारला, जणू ऑपरेटरला सगळं ठाऊक असतं. तो आलाच नाही. त्यातले अमरीश पुरी गेले, २४ फेब्रुवारी २०१८ला श्रीदेवी गेली. २०२०ला अली अब्बास जफरनं त्या नावानं नवी चित्रमालिका करायची घोषणा केली, तीही घोषणाच राहिली. लहानपणी लाल कागद डोळ्याला लावणारी ती पोरं आता पन्नाशीकडं झुकली आहेत आणि अजून विचारतात.

पुढचा भाग खरोखर येतो हे आमच्याकडच्या पोरांना राकेश रोशननं दाखवलं. २००३ला ‘कोई मिल गया’, २००६ला ‘क्रिश’, २०१३च्या दिवाळीत ‘क्रिश ३’. मधला दोन कुठं गेला म्हणून पोरं भांडायची, तेव्हा त्यांना सांगावं लागायचं की पहिला ‘कोई मिल गया’च मोजलाय. ‘क्रिश’ लागला त्या वर्षी जत्रेत चेंडू-शिट्ट्यांच्या शेजारी काळे मुखवटे टांगलेले होते. नायकाचं नाव कृष्णा, आजीच्या मायेत डोंगरात वाढलेला. आजी म्हणजे रेखा. तिच्या प्रसंगांना थिएटर शांत बसायचं. आमच्याकडं वीराला घर लागतं.

‘क्रिश’ मी रिळांवर चालवला. ‘क्रिश ३’ येईपर्यंत रिळं गेली होती. सिनेमा उपग्रहावरून यायचा, त्याला कुलूप असायचं आणि ठरलेल्या खेळांपुरती किल्ली मिळायची. केबिनमध्ये थंडगार मशीन, कार्बनचा वास नाही, ठिपक्याची वाट बघणं नाही. फायदाही झाला, तो मी नाकारणार नाही: हैदराबादला आणि नांदेडला सिनेमा एकाच शुक्रवारी लागू लागला, निजामाबादहून कथा घेऊन येणाऱ्या माणसाची गरज उरली नाही. पण वन्स मोअर संपलं. लोकांनी बाकं बडवली तरी मशीन ऐकत नव्हतं.

मराठीतही सुपरहिरोचा प्रयोग झाला, हे लोक विसरतात म्हणून सांगतो. २०१५ला निखिल महाजननं ‘बाजी’ काढला, श्रेयस तळपदे नायक, जितेंद्र जोशी खलनायक. मराठी मातीतला मुखवटेधारी वीर करायला धैर्य लागतं आणि त्यांनी ते केलं. त्याचा दुसरा भाग यायला हवा होता. पहिल्या प्रयत्नाला दुसऱ्याची साथ मिळाली नाही तर रीत पडत नाही.

लातूरची गोष्ट थोडी निराळी. तिथं ‘लातूर पॅटर्न’च्या शिकवण्यांसाठी गावोगावची हजारो पोरं खोल्या करून राहतात. २६ एप्रिल २०१९ला ‘अ‍ॅव्हेंजर्स : एन्डगेम’ लागला आणि ५ मेला नीटची परीक्षा होती. माझा भाचा त्या वर्षी तिथं शिकत होता. त्याला डबा द्यायला गेलो, तर खोलीतल्या चौघांनी एका संध्याकाळची सुट्टी घेऊन मलाही सोबत नेलं. हिंदीतला खेळ. मला निम्मी पात्रं ओळखीची नव्हती. कॅप्टन अमेरिकाच्या हातात थॉरचा हातोडा उडत आला आणि थिएटर उसळलं. उदगीर, अहमदपूर, निलंग्याची पोरं, उद्या जीवशास्त्राचा सराव पेपर, आणि ती खुर्चीवर उभी राहून ओरडत होती. मी केबिनच्या खिडकीतून जन्मभर पाहिलेला तोच उसळा होता तो. ज्याच्यात लायकी आहे त्याच्याच हातात शस्त्र येतं, हे ज्याला उमगलं त्यानं टाळी दिली. शिवधनुष्याची गोष्ट ऐकलेल्या पोरांना हातोड्याचा अर्थ कुणी वेगळा सांगावा लागला नाही.

आणि मग १२ जानेवारी २०२४ला ‘हनुमान’ आला. पुन्हा हैदराबादहून, पुन्हा तेलुगूतून. प्रशांत वर्मा दिग्दर्शक, तेजा सज्जा नायक. अंजनाद्री नावाचं कल्पित गाव, तिथला हनुमंतु हा भुरट्या चोऱ्या करणारा पोरगा, त्याला पाण्यात मारुतीच्या रक्ताच्या थेंबाचं रत्न सापडतं. खलनायकाची कल्पना मला फार आवडली. तो लहानपणीच आईबापाला मारतो, कारण त्यानं पाहिलेल्या सुपरहिरोंना आईबाप नसतात. इकडं हनुमंतुला मोठी बहीण आहे, आणि ती हातात नारळ घेऊन गुंडांना बदडते. त्या प्रसंगाला शेजारच्या रांगेतल्या बायकांनी ज्या शिट्ट्या मारल्या तशा मी बायकांच्या शिट्ट्या आधी ऐकल्या नव्हत्या. शेवटी हिमालयात मारुती जागा होतो तेव्हा तर कुणी बसलेलंच नव्हतं. मागून घोषणा, पुढं कुणीतरी मोबाइलचा दिवा ओवाळतंय. मोठ्या सिनेमांच्या मानानं थोडक्या पैशात केलेलं ते काम होतं आणि ते देशभर चाललं. तिकिटामागं पाच रुपये अयोध्येच्या राममंदिराला देण्याचं निर्मात्यांनी जाहीर केलं होतं.

सिनेमा संपताना पडद्यावर पुढच्या भागाचं नाव आलं, ‘जय हनुमान’, आणि वर्ष, २०२५. रामाला दिलेला शब्द मारुती कसा पाळतो, तो शब्द कोणता, हे तिथं सांगायचं आहे. २०२४च्या दिवाळीत मारुतीच्या रूपातला ऋषभ शेट्टीही दाखवला. २०२५ तसंच निघून गेलं. देगलूरच्या पारावर याची चर्चा मी रोज ऐकतो. पोरांना मोठी लढाई हवी. म्हाताऱ्यांचं म्हणणं वेगळं: मारुतीला उगाच हाणामारीत घालू नका, त्याला रामाचं नाव घेऊ द्या. ‘आदिपुरुष’ (२०२३) आला तेव्हा प्रत्येक थिएटरात मारुतीसाठी एक खुर्ची रिकामी ठेवण्याची घोषणा झाली आणि लोकांना ती आवडली. पण मारुतीच्या तोंडची भाषा ऐकून तेच लोक चिडले आणि संवाद बदलावे लागले. हा धडा हैदराबादवाल्यांनी घ्यावा. आमचा प्रेक्षक पुढं काय होणार याची वाट पाहत नाही, गोष्ट त्याला ठाऊकच असते. श्रावणात पोथी लावली की आज अध्याय कुठं थांबणार आणि उद्या कुठून उचलणार हे घरातल्या सगळ्यांना माहीत असतं, तरी सगळे संध्याकाळी हातपाय धुऊन बसतात. प्रेक्षकाला बघायचं असतं ते आपल्या देवाचा मान नीट राखला जातो की नाही.

माझी मागणी साधी आहे. ‘जय हनुमान’ मराठीत यावा, आणि चांगल्या मराठीत यावा. माझ्या पाहण्यातले ‘हनुमान’चे खेळ हिंदी नाहीतर तेलुगूतले होते, सीमेवर ते चालून जातं, पण कंधार, मुखेड, औसा, अहमदपूरच्या आज्यांनी मारुतीचं बोलणं मराठीत का ऐकू नये? आणि तो तालुक्याच्या गावी लागावा. एकपडदा थिएटरं एकामागून एक बंद झाली, तिथं आता मंगल कार्यालयं आणि गोदामं आहेत, आणि मॉलमधलं तिकीट सोयाबीन काढणाऱ्या मजुराच्या दिवसाच्या हजेरीला झेपत नाही. माळेगावच्या जत्रेत कापडी पडदा लावून, योग्य परवाने घेऊन कुणी तो दाखवणार असेल तर मशीन बघायला मी येईन. पैसे घेणार नाही.